जुनी छोटी गाडी आणि एलपीजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या, किंवा त्याहूनही जुन्या छोट्या मोटारी एलपीजीवर चालवण्याविषयीची पत्रे इतकी होती की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची, कार्बोरेटरची मारुती ८०० आहे. मी निवृत्त शिक्षक असून गाडी महिन्याकाठी तीनशे किलोमीटरच्या आसपास चालते. सध्या लिटरला जेमतेम बारा-तेराचे ॲव्हरेज मिळते, म्हणून गॅरेजवाल्याने गॅस किट बसवण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का? (तासगाव)

उत्तर : प्रथम हिशेब पाहू. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण. ते दाबाखाली द्रवरूपात टाकीत साठवलेले असते. वजनाला वजन धरले तर त्यातील ऊर्जा पेट्रोलपेक्षा किंचित जास्त भरते; परंतु एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो असते, तर एक लिटर एलपीजीचे सुमारे ५५० ग्रॅमच असते, आणि पंपावर दोन्ही इंधने लिटरनेच मोजून मिळतात. त्यामुळे पेट्रोलवर १६ किलोमीटर देणारी गाडी गॅसवर १२ ते १३ किलोमीटर देते. गॅसचा लिटरचा दर पेट्रोलच्या दराच्या तीन-चतुर्थांशाहून बराच खाली असेल, तरच हातात काही उरते.

आता उदाहरणासाठी पेट्रोल १०५ रुपये, गॅस ७० रुपये आणि किटचा सर्व खर्च २५,००० रुपये धरू. आपण आपल्या भागातील त्या दिवशीचे दर घालून हेच गणित पुन्हा करावे. पेट्रोलवर १६ चे ॲव्हरेज धरल्यास किलोमीटरमागे सुमारे ६ रुपये ५६ पैसे पडतात आणि गॅसवर १२.८ चे धरल्यास ५ रुपये ४७ पैसे. किलोमीटरमागे एक रुपया नऊ पैसे वाचले, तर किटचा खर्च भरून येण्यासाठी गाडी जवळजवळ २३,००० किलोमीटर चालावी लागेल. आपल्या वापराला त्यासाठी सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. शिवाय १९९८ ची नोंदणी असल्यामुळे आपल्या गाडीच्या नोंदणीचे पुढील नूतनीकरण २०२८ मध्ये येईल, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे. पर्यावरण कर त्याहून वेगळा. एवढे सर्व धरता आपण किट बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हाच वापर महिन्याला बाराशे किलोमीटर असता तर त्याच आकड्यांनी खर्च एकोणीस-वीस महिन्यांत निघाला असता आणि मी वेगळे उत्तर दिले असते.

आपल्या पत्रातील खरी चिंतेची गोष्ट मला बारा-तेराचे ॲव्हरेज ही वाटते. चांगल्या स्थितीतील ८०० इतकी खात नाही. चोक पूर्ण उघडतो का, कार्बोरेटरमधील फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बरोबर आहे का, ब्रेक चाकांना धरून तर राहत नाहीत ना, टायरमध्ये हवा पुरेशी आहे का आणि इंजिनाच्या तिन्ही सिलिंडरचा दाब सारखा आहे का, हे आधी तपासून घ्यावे. यापैकी ज्या कारणाने गाडी पेट्रोल जास्त खाते, त्याच कारणाने ती गॅसही जास्त खाईल, आणि दाब कमी असलेले इंजिन गॅसवर पेट्रोलपेक्षाही वाईट चालते. कार्बोरेटरची दुरुस्ती आणि ट्यूनिंग किटच्या मानाने पुष्कळ स्वस्तात होते, म्हणून आधी तेवढेच करून पाहावे.

प्रश्न : आमची ओम्नी गॅसवर असून आरसी बुकावर तशी नोंदही आहे. ऑटो एलपीजीचा पंप आमच्या गावापासून लांब असल्याने आमच्याकडे बरेच जण घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरून घेतात. वायू एकच असताना त्यात नेमके चुकते काय? (विटा)

उत्तर : हा प्रश्न इतर अनेकांनी आडवळणाने विचारला आहे. आपण तो सरळ विचारलात, याबद्दल आभार, आणि म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

कायद्याची बाजू आधी सांगतो. वाहनासाठी इंधन म्हणून एलपीजीला आपल्या देशात मोटार वाहन कायद्यातील २००० सालच्या दुरुस्तीनंतर मान्यता मिळाली, परंतु ती वाहनासाठीच विकल्या जाणाऱ्या गॅसपुरती आणि मान्यताप्राप्त किटपुरती आहे. घरगुती सिलिंडरमधील गॅस वाहनात वापरणे हे त्याच वर्षीच्या एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेशाचे उल्लंघन ठरते, आणि हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली काढलेला असल्यामुळे ते तुरुंगवासाच्या शिक्षेचे प्रकरण आहे. भरून देणारा आणि भरून घेणारा, दोघेही त्यात येतात.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी धोका तसाच राहतो. गाडीची टाकी कधीही काठोकाठ भरायची नसते. द्रवरूप एलपीजी उष्णतेने फुगते आणि हे फुगणे पाण्याच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक असते, म्हणून टाकीचा पाचवा हिस्सा वाफेसाठी मोकळा ठेवतात. टाकीवरच्या मल्टिव्हॉल्व्हमध्ये एक फ्लोट असतो आणि तो द्रवाची पातळी ऐंशी टक्क्यांवर आली की भरणे आपोआप बंद करतो. आता घरगुती सिलिंडरकडे पाहा. त्यात १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे द्रवाच्या मापाने जवळजवळ २६ लिटर. आपल्या ओम्नीची टाकी ३० लिटर पाण्याच्या मापाची असेल, तर तिच्यात २४ लिटरच गॅस भरायला हवा. पूर्ण सिलिंडर रिकामा करायचाच, अशा हेतूने जो भरतो त्याला हा फ्लोट अडथळा वाटतो, आणि तो निकामी केलेल्या किंवा मुळातच मल्टिव्हॉल्व्ह नसलेल्या टाक्या अशा व्यवहारात सर्रास चालवून घेतल्या जातात. सकाळी थंड हवेत अशी जास्त भरलेली टाकी दुपारी चाळीस अंशांच्या उन्हात उभी राहिली की वाफेची जागा द्रवाने व्यापली जाते. द्रव दाबून आकुंचन पावत नसल्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. मग सुटकेचा व्हॉल्व्ह उघडला तर गॅस बाहेर येतो आणि न उघडला तर टाकीवरच सारा भार पडतो.

दुसरा धोका भरण्याच्या जागेचा आहे. घरगुती सिलिंडर उभा असताना त्याच्या तोंडातून वाफ बाहेर येते, द्रव नव्हे. गाडीत द्रव उतरवायचा म्हणजे सिलिंडर उलटा करणे, मोटर लावणे, गरम पाण्याचा मारा करणे असे प्रकार होतात, आणि तेही बंद शेडमध्ये, जोडणी करताना व सोडताना प्रत्येक वेळी थोडा गॅस सांडत. एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. हवेत तिचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले तरी मिश्रण पेट घेऊ शकते, आणि पंपाच्या मोटरची ठिणगी त्याला पुरते. ऑटो एलपीजीच्या पंपावर नोझल गळतीविना बसते, यंत्रे ठिणगी न पडणाऱ्या बनावटीची असतात आणि जागा उघडी असते.

राहता राहिला वायू एकच असल्याचा मुद्दा. दोन्हींत प्रोपेन आणि ब्युटेनच असतात, परंतु प्रमाण आणि मानके वेगळी आहेत. वाहनाच्या गॅससाठी इंजिनाला लागणारा ऑक्टेन आणि थंडीतील बाष्पदाब पाळावा लागतो. चुलीसाठीच्या गॅसला ती अट नसते, आणि त्यातील जड, तेलकट अवशेष रिड्यूसरच्या, म्हणजे द्रव गॅसची वाफ करून त्याचा दाब उतरवणाऱ्या भागाच्या, रबरी पडद्यावर साचत जातो. पंप लांब असल्याची आपली अडचण खरी आहे. परंतु तिच्यावरचा योग्य उपाय म्हणजे पंपाकडे फेरी होईल तेव्हा टाकी भरून घेणे आणि एरवी पेट्रोलवर चालवणे हाच. ओम्नीत चालकाच्या पाठीमागे बहुधा घरातलीच माणसे बसलेली असतात, त्यामुळे या बाबतीत मला कोणतीही मधली वाट सुचवता येत नाही.

प्रश्न : माझी १९९७ ची झेन गॅसवर चालू असताना अधूनमधून मोठा आवाज होऊन एअर फिल्टरचे झाकण उडते. दोन मेकॅनिकांनी रिड्यूसरचा स्क्रू फिरवून दिला, पण उपयोग झाला नाही. दोष किटचा मानावा का? (कराड)

उत्तर : हा बॅकफायर आहे, आणि अनुभव असा की दहांपैकी आठ वेळा त्याचे मूळ गॅसमध्ये नसून ठिणगीत असते.

कार्बोरेटरच्या गाडीत टाकीतून द्रवरूपात आलेला गॅस रिड्यूसरमध्ये इंजिनाच्या गरम पाण्याने वाफ होतो आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी बसवलेल्या मिक्सरमधून हवेत मिसळतो. म्हणजे मिक्सरपासून इनलेट व्हॉल्व्हपर्यंतचा सगळा मार्ग पेट घेऊ शकणाऱ्या मिश्रणाने भरलेला असतो. ठिणगी दुर्बळ पडली किंवा मिश्रणात गॅस कमी झाला, तर जळण रेंगाळते. इनलेट व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत आत ज्योत शिल्लक राहते आणि मागचे मिश्रण एकदम पेटते. पेट्रोलवर हाच दोष साध्या मिसिंगच्या रूपाने दिसतो, म्हणून तो लक्षात येत नाही. गॅस आणि हवेचे मिश्रण पेटवायला प्लगला अधिक व्होल्टेज लागते, आणि त्यामुळे प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या जुन्या एचटी वायरची गळती, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील बारीक तडा, झिजलेला रोटर हे सगळे गॅसवर उघडे पडतात.

त्यामुळे स्क्रूला हात लावण्याआधी नवे प्लग बसवून त्यांची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. रात्री अंधारात बॉनेट उघडून वायरींवर ठिणग्या खेळताना दिसतात का, ते दुरून पाहावे. दिसल्या तर पूर्ण संच बदलावा. त्यानंतर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) फट आणि एअर फिल्टर तपासावेत.

मग रिड्यूसरकडे वळावे. पंधरा मिनिटे गाडी चालवून रिड्यूसरला हात लावला असता तो चांगला गरम लागला पाहिजे. तो गार असेल किंवा त्यावर दव, बर्फ धरत असेल, तर त्याच्यापर्यंत गरम पाणी पोहोचत नाही. कूलंट कमी असणे किंवा नळीत हवा अडकणे ही कारणे असतातच. पण आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी पद्धत रूढ आहे, तीही याला बऱ्याचदा कारण असते. थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्यात इंजिन फार उशिरा तापते, रिड्यूसर थंड राहतो आणि त्यातून कच्चा द्रव पुढे जातो. थर्मोस्टॅट परत बसवावा आणि गाडी तापण्याचे मूळ कारण रेडिएटरमध्ये शोधावे.

आपल्या पत्रावरून आणखी एक शंका येते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलवरून गॅसवर येताना स्वीच मधल्या खुणेवर ठेवून फ्लोट-बाउलमधले, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतले, पेट्रोल संपू द्यावे लागते आणि इंजिन अडखळू लागले की गॅसवर यावे लागते. स्वीच सरळ एका टोकावरून दुसऱ्या टोकावर नेला, तर काही काळ दोन्ही इंधने एकदम जातात आणि गाडी धूर ओकते, बंद पडते किंवा असा आवाज करते. आवाज नेमका इंधन बदलतानाच होत असेल, तर दुरुस्ती कदाचित एवढ्यावरच भागेल.

प्रश्न : पसरणी घाट चढताना आमची गॅसवरची ८०० फार दमते. पेट्रोलवर तिला एवढा त्रास होत नाही. हे स्वाभाविक आहे का? (वाई)

उत्तर : काही अंशी स्वाभाविक आहे. मिक्सरच्या किटमध्ये वायुरूप गॅस हवेची जागा व्यापतो आणि मिक्सरमुळे वाट अरुंद होते ती वेगळीच, त्यामुळे चांगल्या ट्यूनिंगनंतरही साधारण दहा टक्के ताकद कमी होते. कार्बोरेटरच्या ८०० ची मूळ ताकदच ३७ अश्वशक्तीची आहे. त्यात दर शंभर मीटर चढणीला हवा विरळ होऊन इंजिन आणखी सुमारे एक टक्का गमावते, आणि ही घट गॅसवर असो वा पेट्रोलवर, टळत नाही. चार माणसे आणि सामान असेल, तर वाईतच पेट्रोलवर यावे आणि इंजिन पेट्रोलवर स्थिर झाल्यावरच घाटाला लागावे. वळणावर, मागे एसटी असताना स्वीच फिरवू नये, कारण रिकामा फ्लोट-बाउल भरेपर्यंत गाडी ओढत नाही. दुसऱ्या गियरमध्ये वेळेवर यावे आणि पाय दाबून धरत इंजिनाला कुंथायला लावू नये.

फरक दहा टक्क्यांहून फार अधिक जाणवत असेल, तर टायमिंग पाहावे. एलपीजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो आणि कमी फेऱ्यांवर तो थोडा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी दोन-चार अंश आधी दिल्यास त्याला मानवते. मात्र तीच गाडी आपण घाटात पेट्रोलवर चालवणार असल्यामुळे पेट्रोलवर नॉकिंग (इंजिनातला ठोक्यांचा आवाज) ऐकू येणार नाही, इथपर्यंतच टायमिंग पुढे घ्यावे.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी मी जपून ठेवली आहे. गॅसने व्हॉल्व्ह जळतात असे ऐकले आहे. त्यात तथ्य किती? (सांगली)

उत्तर : तथ्य आहे, परंतु प्रत्येक गाडीच्या बाबतीत सारखे नाही. पद्मिनीसारखी इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात आखली गेली. त्या पेट्रोलमधील शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि तो जिच्यावर बसतो ती सीट यांच्यामध्ये बसून त्यांची झीज रोखत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि हे संरक्षण संपले. गॅसवर तर पेट्रोलच्या थेंबांनी मिळणारा थोडा गारवा आणि ओलावाही नसतो. सीटचा धातू मऊ असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो, टॅपेटची फट कमी होत होत नाहीशी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो आणि मग कडेने निसटणाऱ्या तप्त वायूंमुळे तो खरोखरच जळतो.

यातली फसवी गोष्ट अशी की या झिजेमध्ये टॅपेटचा आवाज वाढत नाही, उलट कमी होतो. जुन्या गाडीचे टॅपेट आपोआप शांत झाले म्हणून समाधान मानणाऱ्याने लगेच फट मोजून घ्यावी. गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देणे आणि आयडलिंगला एक सिलिंडर अडखळणे ही पुढची लक्षणे आहेत, आणि ती दिसेपर्यंत नुकसान बरेच झालेले असते.

पद्मिनीचे हेड अलीकडे उतरवले असेल, तर त्या कारागिराला कठीण धातूच्या सीट बसवल्या होत्या का, ते विचारावे. बसवल्या असतील तर गॅसची भीती नाही. नसतील, तर पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा बसवून घ्याव्यात आणि तोवर गाडी पेट्रोलवरच ठेवावी. महिन्यातून थोडीच निघणारी आणि वडिलांची आठवण म्हणून सांभाळलेली गाडी असेल, तर तिच्यात टाकीसाठी भोके पाडू नयेत असे मला मनापासून वाटते. ८००, झेन, सँट्रो, वॅगनआर अशा नंतरच्या गाड्यांच्या मालकांना या झिजेचा त्रास तुलनेने कमी होतो, पण दर दहा हजार किलोमीटरला टॅपेटची फट मोजून वहीत लिहून ठेवण्याची सवय त्यांनीही लावून घ्यावी, कारण एका आकड्यापेक्षा आकडा कसा बदलत गेला हे अधिक सांगून जाते.

प्रश्न : २००८ ची वॅगनआर विकत घ्यायचा विचार आहे. मालक म्हणतात, गॅस किट चांगले चालते, पण आरसीवर नोंद नाही आणि ती नंतर करून घेता येईल. (सातारा)

उत्तर : नंतर नव्हे, आधी, आणि ती मालकाने करून द्यायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल केल्यावर त्याची नोंद आरसीवर होणे आवश्यक आहे. नोंदीसाठी आरटीओ कार्यालय त्या मॉडेलसाठी मान्यता असलेल्या किटची कागदपत्रे, अधिकृत बसवणाऱ्याचे प्रमाणपत्र, टाकीचे प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी मागते. ज्या किटची कागदपत्रेच नाहीत, त्याची नोंद मागाहून होईल ही आशा फोल आहे. वॅगनआर एलपीजीसह कंपनीतूनही २००६ पासून येत असे, म्हणून ही गाडी मुळात ड्युओ (कंपनीतूनच एलपीजीसह आलेली) आहे की किट बाहेरून बसवले आहे, हे आधी आरसीवरून पाहून घ्यावे.

टाकीवरील पट्टीवर क्रमांक, निर्मितीची तारीख आणि शेवटच्या चाचणीची तारीख कोरलेली असते. वाहनातील एलपीजी टाकीची दाबचाचणी दर पाच वर्षांनी, नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते. २००८ च्या गाडीत मूळचीच टाकी असेल, तर आतापर्यंत किमान तीन चाचण्या झालेल्या असायला हव्यात. त्यांची प्रमाणपत्रे मागावीत. टाकीवर वेल्डिंगची दुरुस्ती दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

विम्याकडेही बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बाहेरून बसवलेल्या किटसाठी पॉलिसीत स्वतंत्र नोंद लागते. प्रचलित दराप्रमाणे किटच्या किमतीच्या चार टक्के आणि तृतीय पक्षासाठी साठ रुपये एवढाच तिचा भार असतो. एवढ्याशा रकमेची नोंद नसल्यामुळे अपघातानंतर दावा अडकू शकतो. गाडी आवडलीच असेल आणि कागद नसतील, तर किट काढून घ्यायला सांगून पेट्रोलची गाडी म्हणून तिची किंमत ठरवावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे पार्किंग तळघरात आहे. गाडीत सकाळी कधीतरी गॅसचा वास येतो. काळजी करावी का? (मिरज)

उत्तर : होय, आणि आजच करावी. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. वास आला, म्हणजे गॅस बाहेर येत आहे. जड वाफ तळघरातून आपोआप निघून जात नाही, ती फरशीवर साचते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत गाडी तळघरात उभी करू नये.

पुन्हा वास आला तर चावी फिरवू नये, दिव्याचे बटण दाबू नये, दारे आणि डिकी उघडावी, टाकीवरील हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि गाडी ढकलत उघड्यावर आणावी. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने. काडी ओढून पाहणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना कृपया दूर ठेवावे. मल्टिव्हॉल्व्हभोवतीची वायुबंद पेटी आणि तिच्यातून गाडीखाली जाणारी मोठी नळी जागेवर आहे का, हे फिटरकडून पाहून घ्यावे, कारण ही पेटी नीट असती तर टाकीजवळची किरकोळ गळती गाडीबाहेर गेली असती आणि आपल्याला आत वास आलाच नसता. डिकीत सामान ठेवताना ती पेटी बऱ्याचदा निखळते.

प्रश्न : गाडी गॅसवरच चालत असेल तर पेट्रोलची टाकी रिकामी ठेवली तर चालेल का? (फलटण)

उत्तर : नाही. थंड इंजिन पेट्रोलवरच सुरू करावे आणि एखादा किलोमीटर गेल्यावर, रिड्यूसर तापल्यावर गॅसवर यावे. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, पेट्रोल पंप टाकीतच असतो आणि त्याला थंडावा पेट्रोलचाच मिळतो, म्हणून रिकाम्या टाकीत तो लवकर जळतो. पाव टाकी नेहमी असू द्यावी. मात्र तेच पेट्रोल सहा-सहा महिने पडूनही राहू नये. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. पावसाळ्यात याचा त्रास अधिक होतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या दरवर्षी तपासाव्यात. आठवड्यातून एक फेरी पूर्णपणे पेट्रोलवर केली, तर इंधनही ताजे राहते आणि कार्बोरेटरही चिकटत नाही.

प्रश्न : आता सीएनजीचे पंप वाढत आहेत. जुन्या अल्टोला एलपीजी बसवावा की सीएनजी? (इस्लामपूर)

उत्तर : गाडीच्या दृष्टीने पाहिले तर एलपीजी सोयीचा आहे. सीएनजी सुमारे २०० बार दाबाने साठवतात, म्हणून त्याची टाकी जाड आणि जड असते. एलपीजीच्या टाकीतील दाब साधारण दहा बारच्या आसपास राहतो, त्यामुळे टाकी हलकी असते आणि डिकीत जागाही उरते. सव्वासातशे किलोच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांना हा फरक जाणवतो. सीएनजी टाकीची चाचणीही पाचाऐवजी दर तीन वर्षांनी करावी लागते.

परंतु निर्णय गाडीवरून न घेता आपल्या रोजच्या रस्त्यावरून घ्यावा. ऑटो एलपीजीचे पंप मुख्यतः महामार्गालगत आणि मोठ्या गावांपाशी आहेत, आणि त्यांतील काही अधूनमधून बंद असतात. किटची चौकशी करण्यापूर्वी महिनाभर आपल्या नेहमीच्या येण्याजाण्यात एलपीजीचा कोणता पंप लागतो, तो किती वेळा उघडा आणि गॅससह सापडतो, तसेच सीएनजीच्या पंपावर किती रांग असते, याची नोंद ठेवावी. वाटेत दोन्हींपैकी एकही भरवशाचा पंप नसेल, तर अल्टो पेट्रोलवरच राहू द्यावी. एलपीजीचा पंप भरवशाचा निघाला, तर त्या पंपावर येणाऱ्या जुन्या गाड्यांच्या चालकांना त्यांनी किट कोणाकडून बसवले आणि तीन-चार वर्षांनंतरही तो फिटर काम करून देतो का, हे विचारावे आणि मगच पैसे द्यावेत.